तोडू का ठिवू?

आमच्या रेड्यानं एकदा कारखान्याचा भोंगा ऐकून सुट्टी मागितली, ही गोष्ट मी सांगितली की कडेगावच्या बायका पोट धरून हसत्यात. बिबट्या उसातनं माझ्या चुलीपाशी आला, भाकरी खाल्ली आन् "मीठ कमी हाय" म्हनला, ही बी माझीच. बनुबाईच्या थापंला शेपूट लांब, असं समदे म्हंत्यात. म्हनून ही झाडाची गोष्ट सांगितली तवा माझी सून बी हसली हुती. आता न्हाई हसत.

आमच्या हिरीच्या काठाला त्ये झाड हाय. माझा ल्योक धैर्यशील फौजेत हुता. शांतीसेनेतनं आफ्रिकेला गेलावता, तितनं एक बी घिऊन आला. काळं, गुळगुळीत, तेल लावल्यागत चकाकनारं.

"आये, ह्याला अ‍ॅकी म्हंत्यात," त्यो म्हनला. "तिकडं फळ शिजवून खात्यात, अंड्यागत लागतं. पर आपसूक उकलल्याबिगर हात लावायचा न्हाई. झाकलेलं फळ म्हंजी ईख."

"म्हंजी आमच्या थोरल्या जावंगत," मी म्हनलं. "तोंड उघडंपातूर आत काय हाय कळत न्हाई."

सृष्टी, माझी नात, जल्मली त्याच आठवड्यात त्यो कोंब वर आला. मी दोगींना सारखंच सांभाळलं. थंडीत तिला झबलं, हिला पोत्याचं झबलं. उन्हाळ्यात आळ्यात उसाचं पाचट आंथरायची, ठिबकची नळी फिरवून घ्यायची, महिन्यामागं शेणकाला घालायचा. मुंग्या चढाया लागल्या की बुंध्याला राख. पानं बारमास हिरवीगार. पोरगी शाळंत जाया लागली, झाड घराच्या वर गेलं, पर मोहर म्हनून न्हाई.

न धरनाऱ्या झाडाला आमच्याकडं भ्या घालत्यात. एकानं कुऱ्हाडीचा हलका घाव घालायचा आन् इचारायचं, "तोडू का ठिवू?" दुसऱ्यानं बुंध्यामागं दडून झाडाच्या वतीनं बोलायचं, "ठिवा. पुढल्या सालाला देते." आंब्याला केलंय, चिंचंला केलंय. खेळच त्यो.

सुनंला, राजनंदिनीला, मागं उभी केली. भर दुपार. हिरीवरची मोटार चालू हुती, पाटाला पानी खळखळत हुतं. मी कुऱ्हाड हानली. जरा साल निघाली, तिरकी.

"तोडू का ठिवू?"

"ठिवा आत्ती," मागनं आलं. "पुढल्या सालाला देते."

आवाज राजनंदिनीचाच. जरासा वला, तोंडात पानी धरून बोलल्यागत.

"चल आता, च्या टाक," मी म्हनलं, आन् वळले. तर राजनंदिनी सैपाकघराच्या दारातनं भायर येत हुती. हातात वगराळं.

"आत्ती, दूध उतू चाललंवतं म्हनून पळाले. झालं व्हय तुमचं?"

"मग मागनं बोललं कोन?"

"आवं आत्ती, रेड्याची सांगा. ती बरी हाय."

बुंध्यामागं जाऊन बघितलं. वली माती. पाऊल एक बी नव्हतं. राजनंदिनीचं सुदिक नव्हतं.

पुढल्या सालाला धरलं. मुठीएवढी लाल फळं, टंच. पर एक बी उकलंना. रोज बघावं, रोज झाकलेली. सृष्टी शाळंतनं आली की आळ्याच्या कडंला पाय पसरून बसायची आन् झाडासंगं बोलायची. आधी मला लय गंमत वाटायची. पोरगी माझ्यावरच गेली म्हनायची मी. मग ध्येनात आलं, की ती मधीमधी गप बसती. ऐकत असल्यागत.

एक दिस मी वट्यावर शेंगा निवडत हुते. मोटार बंद झाली. वर बघितलं, तर समदी फळं उकललेली. आताच्या आता. हरेकाच्या तीन फाका, हरेक फाकंत काळं बी. तीन-तीन डोळं. आन् समद्यांची तोंडं सृष्टीकडं.

मग आवाज आला. माझा. माझ्याच तोंडचा, झाडातनं.

"तोडू का ठिवू?"

सूप टाकून मी पळाले. पोरीच्या पाठीमागं जाऊन बसले, तिच्या वतीनं बोलाया. आन् तोंडातनं सवयीनं निघून गेलं, "ठिवा. पुढल्या सालाला देते."

काय देते, ते मी बोललेच न्हाई. आंब्याच्या वतीनं बोलताना ते सांगावं लागत न्हाई.

सांजंला पोरीला न्हाऊ घालताना नडगीवर एक खूण दिसली. तिरकी. रगत न्हाई, नुस्ती साल निघाल्यागत.

तवापास्नं मी झाडाला कुनाला हात लावू दिला न्हाई. वळवाच्या वाऱ्यात एक डहाळी मोडली, त्याच सांजंला पोरीचं करंगळीचं नख निघून पडलं. मी डहाळीच्या जागी शेन लावलं, फडकं बांधलं. पोरीच्या बोटाला बी बांधलं. पानी द्यायला गेले की नळी सोडायची, लगी बंद करायची. जास्त झालं तर? कमी पडलं तर?

औंदा फळं धरली. एक झाकलेलं फळ गळून पडलं, आमच्या शेळीनं खाल्लं. शेळी मेली. धैर्यशीलनं कुऱ्हाड काढली.

"घरात लेकरू हाय, आये. ईखाचं झाड नगं."

मी समदं सांगितलं. नडगी, नख, आवाज. त्यानं ऐकून घेतलं.

"बिबट्यानं मीठ मागितलं ते मी मानलं," त्यो म्हनला. "हे न्हाई मानायचो."

मी बुंध्याला मिठी मारली. त्याला हसू आलं.

"बरं, तुझ्या रीतीनं करू. हो मागं." कुऱ्हाड वर गेली. "तोडू का ठिवू?"

मी बुंध्यामागं गेले. तोंड उघडलं.

माझ्या आधी कुनीतरी बोललं.

"ठिवा पप्पा. पुढल्या सालाला देते."

धैर्यशीलनं कुऱ्हाड खाली ठिवली. खो खो हसला. "सृष्टे! शाळा बुडवून हितं दडलीस व्हय? आजीनं शिकवलं न्हवं? ये भायर."

वट्यावर राजनंदिनी बी हसत हुती.

फाटकात शाळंची गाडी वाजली. सृष्टी दप्तर घिऊन खाली उतरली.

"पप्पा!" म्हनत ती पळत आली. त्यानं तिला उचलून घेतलं, घट छातीशी धरलं. त्याचं तोंड पांढरं पडलंवतं.

मी अजून बुंध्यामागंच हुते. पोरीकडं जावं म्हनून पाऊल उचललं.

पदर मागनं कुनीतरी धरलावता. लहान मुठीत.