तिसरा धबधबा कुठे गेला?

"चाला न लवकर! डांगरं काय आपली वाट पाहून राह्यली का?" भर रस्त्यात उभी राहून अन्नपूर्णा ओरडली.

"डांगरं कुठं पळून जातात?" प्रेमदास म्हणाला. "त्याइले पाय हायेत का?"

"गिऱ्हाइकाले त हायेत!"

पुलगावचा मे महिना! सकाळीच डांबर चपलेला चिकटायला लागलेलं. शाळेला सुट्टी होती, वर्धा नदीच्या वाळूत डांगराच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या पिकल्या होत्या आणि तिघं तिकडेच निघाली होती. अन्नपूर्णा दहा वर्षांची, पण घरात तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. प्रेमदास शेजारचा, तिच्याहून थोडा मोठा. त्याचे वडील गिरणीत कामाला. आणि दोघांच्या मागून मुकाट्याने चालत येत होती ती कोकिळा, अन्नपूर्णेची थोरली चुलतबहीण.

नाव कोकिळा, पण आवाज ऐकायचा तर नवस बोलावा लागे! हिवाळ्यात ती एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर बोटीने आफ्रिकेतून आली होती. तिकडे युगांडात तिचे वडील अण्णाजी तारमास्तर होते. आई लहानपणीच गेलेली, मग वडीलही तापाने गेले. तिची काळी ट्रंक मागून येणाऱ्या बोटीने यायची होती, ती आलीच नाही. वडिलांचा एकुलता एक फोटो त्याच ट्रंकेत होता.

आणि कोकिळेला वडिलांचा चेहरा आठवेनासा झाला होता. टोपी आठवे, खोकला आठवे, चेहरा नाही. ती एकदाही रडली नव्हती. आंबा गोड की आंबट विचारलं तर म्हणे, "माहीत नाही." शेजारच्या बायका कुजबुजत, "पोरगी दगड हाय, दगड!" कोकिळेलाही हल्ली तसंच वाटायला लागलं होतं.

"बापूरावच्या हॉटेलात पाणी पिऊ," प्रेमदास म्हणाला.

हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि भिंतीवर गंगामाई. गंगामाई म्हणजे चौकटीतला मोठा रंगवलेला फोटो: हिरवागार डोंगर आणि त्यावरून उड्या घेणारे दोन पांढरेशुभ्र धबधबे. बापूराव तिला रोज हार घालत, उदबत्ती लावत. तसबीर आल्यापासून धंदा वाढला, असं त्यांचं ठाम मत होतं. गिऱ्हाइकंही आधी हात जोडत आणि मग भजी मागत.

कोकिळेने पेला तोंडाला लावला आणि ती तशीच थांबली.

"तिसरा कुठे गेला?"

दोघं दचकले. ताई आपणहून बोलली!

"तिसरा कोन?" अन्नपूर्णेने विचारलं.

"धबधबा. तीन आहेत. हा आमच्याकडचा एल्गन डोंगर. सिपी नदी तीनदा उडी मारते. तिसरा धबधबा डावीकडे आहे. त्याच्यासमोर खडकावर बाबा उभे आहेत. हा आमचा फोटो आहे." वाण्याकडून काय आणायचं ते सांगावं, इतक्या कोरड्या आवाजात ती हे सांगत होती.

"अवं ताई, हे त गंगोत्री होय!"

प्रेमदास मात्र टाचा उंचावून बघत होता. "गंगोत्रीले बरफ असते न? मंग ह्या केळी काऊन?"

खरंच की! खालच्या कोपऱ्यात केळीची हिरवीगार बाग होती!

"बापूरावकाका, तुमच्या गंगामाईनं केळी कधी लावल्या?"

"चूप! देवाची थट्टा करतं का बे?" बापूराव झारा उगारत म्हणाले.

"काका, तसबीर जराशी खाली काढून दाखवता?" अन्नपूर्णेने गोड आवाजात विचारलं.

"नाई! निघा इथून!"

कोपऱ्यातल्या बाकड्यावर प्रभाकरराव हुंडेकरी चहा पीत होते. स्टेशनावरचा माल त्यांच्याच बैलगाड्यांतून गावात येई. "ट्रंक बोटीवरच राह्यली असन," असं ते अन्नपूर्णेच्या वडिलांना, महादेवरावांना, दर वेळी सांगत. "पोट्ट्याइले सुट्ट्या देतातच काऊन?" ते कुरकुरले आणि घाईघाईत बशी तोंडाला लावून त्यांनी जीभ भाजून घेतली.

डांगरं राहिली बाजूला! कडुनिंबाखाली सभा भरली.

"आमचा फोटो मोठा होता," कोकिळा म्हणाली. "ही चौकट लहान आहे. तो दुमडून आत घातला असेल."

"मंग चौकट उघडा लागते," प्रेमदासने डोकं खाजवलं. "बापूराव कोनाले भेते? वाळवीले! मागच्या वर्षी त्याचं अख्खं कपाट खाल्लं तिनं. तसबिरीखाली ओल्या मातीची रेघ ओढतो. मंग तोच उघडते का नाई पाह्यजो!"

"देवाच्या फोटोले माती?" अन्नपूर्णेने कान धरले.

"आमच्या घरच्या देवाच्या तसबिरी मागच्या दसऱ्यालेच उतरल्या. आमी बौद्ध झालो न! मले भेव नाई. पन माय म्हनते, दुसऱ्याच्या देवाचा अपमान करू नोको. म्हून माती फोटोले नाई, भिंतीले लावतो!"

"आणि आत बाबा नसले तर?" कोकिळेने विचारलं.



दुसऱ्या दिवशी सकाळी अन्नपूर्णा वडिलांना हट्टाने हॉटेलात चहाला घेऊन आली. मागोमाग कोकिळा आणि प्रेमदासही आले. प्रभाकरराव नेहमीच्या बाकड्यावर होतेच. अन्नपूर्णेने भजी फोडलं आणि किंचाळली, "बापूरावकाका, भज्यात माशी!"

"माशी? माह्या भज्यात?" बापूराव धावले. "अवं, जिरं हाये ते! जिरं!"

तेवढ्यात प्रेमदासचं बोट भिंतीवरून फिरलं होतं.

"अरे बापरे! वाळवी!" तो ओरडला. "गंगामाईले वाळवी लागली!"

बापूरावांच्या हातातली बशी पडली. त्यांनी तसबीर उतरवली, कपाळाला लावली, पालथी घातली आणि चिमट्याने पाठीमागचे खिळे उपसायला सुरुवात केली.

"थांबा," कोकिळा पुढे आली. "उघडायच्या आधी मी सांगते. डावीकडचा भाग दुमडला आहे. त्यात तिसरा धबधबा आहे. समोर एक माणूस. अंगात खाकी कोट, हातात टोपी."

"अन् चेहरा कसा हाये, पोरी?" एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"चेहरा आठवत नाही."

शेवटचा खिळा निघाला. बापूरावांनी पुठ्ठा उचलला आणि दुमडलेला भाग हळूच उलगडला.

तिसरा धबधबा! आणि त्याच्या तुषारांनी भिजलेला, खाकी कोटातला, टोपी हातात धरून खदखदून हसणारा एक माणूस!

"अण्णा!" महादेवराव उभेच राहिले. "अरे, हा त माहा अण्णा!"

"माय वं!" बापूराव मटकन खाली बसले. "तसबीरवाला म्हने चौकटीत मावत नाई. मी म्हटलं, गंगामाईच्या फोटोत हा कोटवाला कोन? दुमड त्याले! पन फोटो त मले प्रभाकररावनंच गंगोत्री म्हून देल्ला होता!"

सगळ्यांच्या माना वळल्या. प्रभाकररावांचा पाय बाकड्याखाली चप्पल शोधत होता. प्रेमदासने ती आधीच दाराआड सरकवली होती!

"गाडीवानाच्या हातून ट्रंक पडली," ते पुटपुटले. "कडी तुटली. अवकाळी पावसात रातभर बाहेरच राह्यली. कपडे सडले, फोटो तेवढा वाचला. म्या म्हटलं, कोन विचारते?"

"मी विचारत होतो न!" महादेवरावांचा आवाज चढलेला पुलगावात कुणी ऐकला नव्हता. "दर बाजाराच्या दिवशी येऊन विचारत होतो, अन् तुमी बोटीवर ढकलून राह्यले होते!"

"उरलंसुरलं गोदामात हाये. आत्ता आनून देतो."

"अनवाणीच जा!" बापूराव गरजले. मग भिंतीकडे बघून म्हणाले, "अन् ही वाळवी?"

प्रेमदासने मातीने भरलेलं बोट वर केलं. हॉटेलात हशा पिकला. बापूरावांनीही कपाळावर हात मारून घेतला. "रोज पूजा केली, पन केळी दिसल्या नाईत मले! शाब्बास रे पोट्टेहो! पोलिसाइले जमलं नसतं!"

"शाब्बास, प्रेमदास!" महादेवरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अन् आमची ही भवानी! जिऱ्याची माशी करते!"

कोकिळेचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. फोटो मांडीवर घेऊन ती चेहऱ्याकडे बघत होती. जाड भुवया. पुढचा एक दात किंचित तिरपा. हसताना मिटत आलेले डोळे.

"असे होते," ती म्हणाली. "बाबा असे होते."

आणि तिचा हुंदका फुटला. मग दुसरा. मग ती मोठमोठ्याने, सगळ्या हॉटेलासमोर, लहान मुलासारखी रडायला लागली.

अन्नपूर्णा घाबरली. "बाबा, आपलं काई चुकलं का? ताई रडून राह्यली!"

महादेवराव बाकड्यावर कोकिळेच्या शेजारी बसले आणि त्यांनी तिला जवळ घेतलं. त्यांचेही डोळे वाहत होते.

"रडू दे तिले," ते म्हणाले. "ती आली त्या दिवसापासून मी ह्याचीच वाट पाहून राह्यलो होतो."