मागे कोण?

जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या आपल्या मराठी मंडळींत निशिगंधाचा तोरा काही औरच! नवशिक्यांना स्नोशू घालून बर्फात कुठे न्यायचं, ते तिलाच विचारावं. आठवडाभर बाई गाड्यांच्या सीटचे सेन्सर बनवते आणि शनिवार उजाडला की ब्लॅक फॉरेस्टमध्ये एकटी वाटा हुडकत फिरते. चढ मंद हवा, वरून बर्फ घसरायची भीती नको, झाडांवर खुणा हव्यात आणि वाटेत गरम सूप देणारी ह्युट्टे, म्हणजे डोंगरातली खानावळ, हवीच. यातलं एक जरी नसलं तरी वाट नापास.

त्या रविवारी ती पहिल्यांदाच म्होरकी होती. सोबत सगळे नवखे, त्यात पुण्याहून आलेले तिचे सासरे यशवंतराव. निघताना तिने ठणकावलं, "सह्याद्रीतला नियम इथेही चालणार. मी 'मागे कोण?' विचारलं की शेवटच्याने ओ द्यायची. माझ्या वाटेवर कुणी मागे राहत नाही!"

"शाब्बास, सूनबाई!" यशवंतराव मिशीत हसले. सुनेचं कौतुक त्यांच्या पोटात मावत नव्हतं.

रांगेत सगळ्यात शेवटी तिने हृषिकेशला ठेवलं. आखनच्या विद्यापीठात पीएचडी करणारा धडधाकट पोरगा.

वाट खरंच सोपी होती. दुपारी मात्र धुकं उतरलं आणि पुढच्याची पाठही पुसट झाली. पायाखाली बर्फाची करकर, ओल्या झाडांचा डिंकासारखा वास, बाकी सगळं चिडीचूप. प्रत्येक वळणावर ती हाक द्यायची, "मागे कोण?" आणि खालून, लांबून, उत्तर यायचं, "ओऽ..." दर वेळी तिची छाती अभिमानाने फुगायची. एकदाही खाडा नाही!

ह्युट्टेत पोचल्यावर तिने हृषिकेशच्या पाठीवर थाप मारली. "काय मस्त ओ देत होतास रे!"

तो ओशाळला. "सॉरी ताई... माझ्या स्नोशूची वादी सैल झाली होती. पहिल्या वळणापासून मी मध्येच चालत होतो, काकांबरोबर. मला वाटलं, दुसरं कुणीतरी ओ देतंय."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच दिली नव्हती.

निशिगंधाच्या मनात आलं, खरंच कुणी अडकलंय की काय? दारात जाऊन तिने जर्मनमधून हाका मारल्या. धुक्यातून काही आलं नाही.

उतरताना तिने यशवंतरावांना पुढे घातलं. सकाळच्या पावलांवरूनच तर जायचं होतं. सगळ्यांच्या शेवटी ती स्वतः राहिली. आता बघू, कोण ओ देतंय!

थोड्या वेळाने पुढून सासऱ्यांचा आवाज आला, "मागे कोण?"

तिने तोंड उघडलं. आणि तिच्या पाठीमागून, अगदी खांद्याजवळून, कुणीतरी दमलेल्या आवाजात म्हणालं, "ओऽ..."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. धूम ठोकावी असं वाटलं, आणि पळाली असती तरी तिला कोण हसणार होतं? पण सकाळी सगळ्यांदेखत बोललेलं ते वाक्य! ती मागे न बघता कुजबुजली, "या... हळूहळू या. मी थांबते." आणि खरंच थांबत थांबत उतरली. मागून करकर येत राहिली, लंगडणाऱ्या माणसाची.

खाली पोचल्यावर बाकीचे आपापल्या गाड्यांनी गेले. तिच्या गाडीत ती आणि यशवंतराव, दोघंच. गाडी सुरू केली आणि टिंग-टिंग वाजायला लागलं. मागच्या सीटवर कुणीतरी पट्टा लावलेला नव्हता.

"सामान ठेवलंयस का गं मागे?"

"नाही, बाबा... सगळं डिकीत आहे."

तिचे सेन्सर रिकाम्या सीटवर वाजत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! ती उतरली, मागचं दार उघडलं आणि पट्टा ओढून खटकन लावला. आवाज थांबला.

"कुणी मागे राहिलं नाही ना?" यशवंतरावांनी हलकेच विचारलं.

"नाही, बाबा. माझ्या वाटेवर राहत नाही कुणी." तिचा आवाज कापत होता, पण मान ताठ होती.

गाडी काढताना तिने आरशात पाहिलं. रिकाम्या सीटवर पट्टा सपाट पडायला हवा होता. तो पुढे फुगून ताणलेला होता आणि दमून बसलेल्या माणसाच्या छातीसारखा संथपणे वर-खाली होत होता.