यादीतलं तिसरं नाव

मोबाइल आधी पालथे ठेवा. बंद करा म्हणत नाही, तेवढं तुमच्याच्याने होणार नाही हे मलाही कळतं. नुसते पालथे ठेवा. ही गोष्ट ज्याच्यावर गुदरली तो नऊ वर्षं माझ्या हाताखाली होता, आणि त्याला थाप मारता येत नाही. रजा हवी असली की खरं कारण सांगून मोकळा व्हायचा आणि रजा घालवून बसायचा. तेव्हा माझ्यावर नाही, निदान त्याच्यावर विश्वास ठेवा.

घरोघरी इंटरनेटची जोडणी करून द्यायची, हे आमचं काम. कुठलीही पिन खोचण्याआधी तिच्यावर फुंकर मारायची याची सवय, म्हणून सगळे त्याला फुंकऱ्या म्हणायचे. मी किती वेळा म्हटलं, अरे बाबा, चूल पेटवतोयस की तार जोडतोयस. पण त्याचा हात असा की इतरांनी हात टेकलेलं काम याने चहा गार व्हायच्या आत मार्गी लावावं.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. दुसरा शनिवार. दिवसभरात सहा घरं करून फुंकऱ्या सातव्या घरी पोचला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. एवढ्या उशिरा आम्ही जात नाही, पण त्या घरच्या काकूंनी फोनवर फार गळ घातली होती. मोठी मुलगी परदेशात बाळंत झालेली. नात बारा दिवसांची. रात्री अकराला तिकडे सकाळ व्हायची, तेव्हा मुलगी बाळ दाखवणार होती. घर उताराला, खोलगट जागी. मोबाइलची रेंज आत यायचीच नाही. घरातलं इंटरनेट दीडेक वर्षं बंद होतं. फुंकऱ्याला वाटलं, अर्ध्या तासाचं तर काम आहे.

घरात दोघंच. काका बसडेपोत टाइमकीपर होते, आता निवृत्त. गाडी तीन मिनिटं उशिरा आली तरी ड्रायव्हरला घाम फोडणारा माणूस. घरातलं घड्याळही त्यांना वचकून चालत असावं असं फुंकऱ्या मला म्हणाला. काकू मात्र लगबगीच्या. जुना राउटर जळका निघाला, म्हणून त्याने पिशवीतून नवा काढला, तार जोडली, लॅपटॉप लावला आणि विचारलं, नाव काय ठेवायचं, पासवर्ड काय ठेवायचा.

काका म्हणाले, नवीन काहीही ठेवा. काकूंनी मात्र कपाटातून घडी घातलेला कागद आणला. जुनं नाव आणि जुना पासवर्ड त्यावर लिहिलेला होता. अक्षर कोवळं, घाईचं. हेच ठेवा, त्या म्हणाल्या. काका पुन्हा म्हणाले, कशाला जुनं उकरताय.

फुंकऱ्याने काकूंचं ऐकलं, आणि त्यात त्याचा स्वतःचा स्वार्थ होता. आमच्या धंद्यातली युक्ती आहे ही. नव्या राउटरला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड दिला की घरातले सगळे मोबाइल आपणहून जोडले जातात; एकेक फोन हातात घेऊन बसावं लागत नाही. शंभर घरी केलेलं काम. त्याने कागद बघून जसंच्या तसं भरलं. राउटर चालवायचा आतला पासवर्ड मात्र स्वतःच्या मनाने घातला आणि कोणाला सांगितला नाही. तोही आमचा नियमच.

दिवे हिरवे झाले. पण काकूंचा फोन काही जोडला जाईना. काकांचाही नाही. पासवर्ड चुकीचा, असंच दोन्ही फोन सांगत होते. फुंकऱ्याने कागद तीनदा ताडून पाहिला. अक्षर न् अक्षर बरोबर.

त्याने सहज विचारलं, हा कागद लिहिल्यानंतर कोणी पासवर्ड बदलला होता का? या दोन फोनांना कुठला तरी दुसराच पासवर्ड पाठ आहे.

काकू म्हणाल्या, छे, आमच्याकडे कोण बदलणार.  खिडकी उघडी होती, ती काका उठून लावून आले.

फुंकऱ्याने काकूंच्या फोनवर पासवर्ड हाताने भरला. लागला. काकांनी आपला फोन दिलाच नाही. माझं राहू दे, म्हणाले. मग सगळं नीट आहे ना बघायला फुंकऱ्याने लॅपटॉपवर यादी उघडली. राउटरला काय काय जोडलंय त्याची ती यादी असते. नावापुढे आकडा असतो. यंत्र लांब असलं की आकडा लहान, जवळ असलं की मोठा.

पहिलं नाव त्याच्या लॅपटॉपचं. दुसरं काकूंच्या फोनचं.

खाली तिसरं होतं. आकडा नऊ.

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. फुंकऱ्याला वाटलं, शेजारच्या कोणाला जुना पासवर्ड माहीत असणार. फुकटे काय, सगळीकडे असतात. तो हसतच म्हणाला, "काकू, तुमच्याकडे लगेच पाहुणा आला बघा. 'लेटमार्क' नावाचा फोन आहे कोणाचा तरी."

काकू होत्या तिथेच खाली बसल्या.

 मग त्यांनी सांगितलं. लेटमार्क म्हणजे त्यांचा धाकटा. कॉलेजात होता. सकाळी उठायला उशीर, जेवायला उशीर, म्हणून काकांनीच त्याला ते नाव पाडलेलं. पोराने चिडायच्या ऐवजी तेच नाव आपल्या फोनला देऊन टाकलं. दीड वर्षापूर्वी एका रात्री तो रेंज शोधत रस्त्याच्या कोपऱ्यावर गेला होता. फोनवर बोलत उभा असताना मागून ट्रक आला. फोनचा चाकाखाली चुरा झाला. तुकडे काकूंनी स्वतः वेचले होते.

 फुंकऱ्याला धंद्याची सवय. त्याने यादी पुन्हा उघडून पाहिली.

सतरा.

"कोपऱ्यापासून इथवर पोचतो का हो हा?" काकूंनी विचारलं.

पोचत नाही. कुठलाच राउटर पोचत नाही. पण फुंकऱ्याने त्याऐवजी यादी पुन्हा उघडली.

सव्वीस.

तो मला म्हणाला, साहेब, चालत आल्यासारखा आकडा वाढत होता. धावत नाही. पोरं उशिरा घरी येतात ना, ओरडा बसणार हे माहीत असल्यासारखी... तसा.

एकोणचाळीस.

काकू स्क्रीनकडे बघत नव्हत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. अगदी हळू आवाजात बोलल्या.

"त्याला जुना पासवर्ड ठाऊक आहे. आपल्या दोघांच्या फोनना दुसरा. मग तो बदलला कोणी?"

काकांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

"कधी बदलला?"

चव्वेचाळीस.

"त्याच रात्री," काका म्हणाले. "साडेदहाला. रोज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायचा. म्हटलं, आज शिस्त लावू. तू झोपली होतीस. तुझ्या फोनमध्ये मीच नवा भरला. तो खाली आला, म्हणाला, बाबा, दहा मिनिटं द्या, महत्त्वाचं आहे. मी म्हटलं... मी म्हटलं, वेळ संपली."

दीड वर्ष त्या बाई समजत होत्या की पोरगं आपल्या हौसेने बाहेर गेलं. दीड वर्ष त्यांनी मेलेल्या पोराला मनातल्या मनात बोल लावला होता, एवढ्या रात्री तुला बाहेर कशाला जायचं होतं रे म्हणून. फुंकऱ्याला ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचता आलं. 

अठ्ठावन्न.

बाहेर काहीच वाजत नव्हतं. फाटक नाही. पाऊल नाही. कुत्रंसुद्धा नाही.

सत्तर.

काकू उठल्या. दाराकडे गेल्या. कडीवर हात ठेवला.

ब्याऐंशी... म्हणजे ओटा. दाराची फळी तेवढी मधे.

"ब्लॉक करा," काका म्हणाले.

"थांब रे," काकू म्हणाल्या. "मी उघडते आहे."

"ब्लॉक करा त्याला. आधी ब्लॉक करा."

अनोळखी यंत्र दिसलं की आधी बाहेर काढायचं, मग चौकशी. नऊ वर्षं मीच त्याला शिकवलेलं. फुंकऱ्याचं बोट आपोआप खाली गेलं.

नाव यादीतून गेलं.

त्याच क्षणी कडी निघाली. दार उघडलं. ओट्यावर कोणी नव्हतं. फाटक बंद होतं. रस्ता कोपऱ्यापर्यंत मोकळा दिसत होता.

काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या. किती वेळ, ते फुंकऱ्याला सांगता येत नाही. वळल्या तेव्हा रडत नव्हत्या.

"दोनदा," त्या काकांना म्हणाल्या. "दोनदा बाहेर काढलंत त्याला."

अकराला मुलीचा फोन आला. टेबलावर वाजत राहिला, वाजून वाजून थांबला. फुंकऱ्याने पिशवी उचलली आणि निघाला. कोपऱ्यावरून जायला लागू नये म्हणून शेतातून लांबचा रस्ता धरला, असं त्यानेच सांगितलं, आणि सांगताना त्याला लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचाच निरोप आला. त्यांचा फोन छान चालतोय, नात बघितली, पण काकांचा फोन काही केल्या लागत नाही. फुंकऱ्या जायला तयार नव्हता. मीच त्याला दटावून पाठवला, दिवसाउजेडी काय होतंय म्हणून. ते आजही मला टोचतं.

काकांनी दार उघडलं. एका रात्रीत माणूस पार खचला होता. फुंकऱ्याने पासवर्ड भरून पाहिला. दोनदा, तीनदा. लागेना. मग लॅपटॉप काढून, स्वतःच्या मनातला तो आतला पासवर्ड घालून, बाहेर काढलेल्या यंत्रांची यादी उघडली. रात्री त्याने त्यात एक नाव टाकलं होतं. आताही तिथे एकच नोंद होती.

पण ती लेटमार्कची नव्हती. नाव नव्हतंच, नुसता यंत्राचा क्रमांक. प्रत्येक फोनचा वेगळा असतो तो. फुंकऱ्याने काकांचा फोन मागून घेतला आणि शेजारी धरून ताडून पाहिला. अक्षर न् अक्षर तोच. जो फोन त्या राउटरला आजवर एकदाही जोडला गेला नव्हता, त्याला कोणीतरी रात्रीतून बाहेर काढलं होतं.

फुंकऱ्याने त्या ओळीवर बोट नेलं. एक कळ दाबली की पुसली जाणार होती.

काकांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "मी जाईन कोपऱ्यावर."