सरळ न जाणारी होडी

"ज्यांनी आजवर वल्हं हातात धरलेलं नाही, त्यांनी हात वर करा," ती म्हणाली आणि सहा-सात हात वर गेले. शेवटचा हात जरा उशिरा वर गेला… आणि तोही चुकीच्या रांगेतून.

तो तिच्या मामांच्या रांगेत उभा होता. मामांची रांग सराईत लोकांची. ते त्यांना घेऊन नदीच्या वरच्या अंगाला, जोराच्या पाण्यात जायचे. नवखे सगळे तिच्या वाट्याला. त्याने तिच्याकडे पाहिलं, हात वर केला, आणि तो वर गेल्याचं आपल्यालाच आत्ता कळलं असा चेहरा करून गुपचूप इकडच्या रांगेत आला.

मामांची होड्यांची शेड शहरातल्या मोठ्या पुलाखाली होती. शहर बघायला आलेले प्रवासी काचेच्या इमारती आणि म्युझियमं बघून बघून दमले की हॉटेलवाले त्यांना इकडे धाडायचे. आधी धक्क्यावर मामींचा वर्ग: श्वास घ्या, सोडा, खांदे सैल करा. मग नदीत फेरी. परत आल्यावर शेडमागच्या खोलीत गरम वाफ. इथून जाणारा माणूस दोन बोटं उंच होऊन जातो, असा मामींचा दावा होता आणि तो तपासायला आजवर कुणी टेप घेऊन आलं नव्हतं. ती स्वतः कॉलेजसाठी म्हणून मामांकडे राहायला आली आणि कॉलेज संपलं तरी नदीला चिकटली ती चिकटलीच. मामा तिला अजूनही बारकी म्हणत.

तिने त्याच्या हातात वल्हं दिलं. नवखा माणूस वल्हं झाडूसारखं धरतो. याने ते घेतलं, पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवून कुठे चीर नाही ना ते पाहिलं, दांडा दोन्ही हातांत तोलला… आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखं उलटं धरलं.

"असं ना?" त्याने भाबडेपणाने विचारलं.

"नाही. असं," ती म्हणाली आणि वल्हं सरळ करून दिलं.

खरं तर तिथेच त्याला मामांच्या रांगेत परत पाठवायला हवं होतं. हा माणूस थापा मारतोय हे तिला लख्ख दिसलं होतं. आणि पाण्यावरच्या थापा मामांना अजिबात चालत नसत. आदल्याच महिन्यात त्यांनी एका गाइडला घरी बसवलं होतं, कारण लाइफ जॅकेटं तपासली म्हणाला आणि तपासली नव्हती. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. तरी ती मूग गिळून बसली. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही. नवख्यांमध्ये एक जण जोडीविना उरला की तो गाइडच्या होडीत बसतो, हा तिथला नियम. त्या दिवशी नेमका तोच उरला. म्हणजे, बाकीच्यांच्या जोड्या तिने जरा घाईनेच लावल्या.

दोघांच्या होडीत शिकणारा पुढे बसतो आणि शिकवणारा मागे, म्हणजे चूक दिसते. तिला दिसत होती त्याची मान, उन्हाने तांबूस झालेले कान आणि एक भोवरा, जिथले केस काही केल्या बसत नव्हते. त्याला दिसत होती फक्त नदी. होडी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग एक गिरकी घेऊन पुन्हा धक्क्याकडे तोंड करून उभी राहिली. बाकीच्या होड्या केव्हाच पहिल्या पुलाखाली पोचल्या होत्या.

"मला वाटतं, होडीचं माझ्याशी काहीतरी वैर आहे," तो म्हणाला.

"होडी गरीब आहे बिचारी. तुम्ही काय करता एरवी?"

"भावाच्या दुकानात नळ विकतो. पाण्याशी माझा संबंध तेवढाच."

ती हसली. तो पुढे बसलेला असल्यामुळे हसणं लपवायची गरज नव्हती, आणि त्याचे कान मात्र ते हसणं ऐकून आणखी लाल झाले. वहिनीने बळेच सुट्टीवर पाठवलंय, त्याने सांगितलं; दुकानात बसून बसून माणूस घुम्यासारखा झालाय अशी तिची तक्रार होती. जरा मोकळ्या हवेत जा, चार माणसांशी बोल, असं म्हणून तिने बॅगही स्वतःच भरली होती. निघेपर्यंत रोज सकाळी इथेच येईन म्हणतोय, तो म्हणाला… म्हणजे, शिकायला.

आणि तो येत राहिला. मामींच्या वर्गात सगळ्यांच्या आधी हजर. होडीत मात्र प्रगती शून्य. ती मनातल्या मनात त्याला शिकाऊ म्हणू लागली. असं सोंग वठवायलाही कसब लागतं हे तिच्या लक्षात येत होतं. तो वल्हं कुठे चुकवायचं ते बरोबर जाणून चुकवायचा. होडी वाटेल तशी भरकटायची पण कधी कलंडायची नाही, आणि मागून एखादी मोठी बोट आली की न सांगता लाटेला नाक करून उभी राहायची. मग पुन्हा वेड्यासारखी गिरक्या घ्यायला मोकळी. दोघंही वेड पांघरून पेडगावला निघाली होती, फक्त त्याला वाटत होतं की आपण एकटेच निघालोय.

वाकड्यातिकड्या वाटेने पुलापर्यंत जायला खूप वेळ लागतो, आणि वेळ असला की माणसं बोलतात. तोंड दिसत नसलं की जास्तच बोलतात. तिने त्याच्या मानेला अशा गोष्टी सांगितल्या ज्या कुणाच्या तोंडावर सांगितल्या नसत्या. प्रवासी येतात, दोन-तीन दिवस भरभरून बोलतात, फोटो काढतात, नक्की परत येऊ म्हणतात आणि कुणी येत नाही. म्हणून प्रवाशावर जीव लावायचा नाही, असा तिने कानाला खडा लावला होता.

"एकही परत आला नाही?" त्याने विचारलं.

"एक आजोबा आले होते. टोपी विसरली होती त्यांची."

त्या दिवशी रिमझिम पाऊस होता. वल्ह्यावरून थेंब ओघळत होते आणि पुलाखालून जाताना क्षणभर सगळा आवाज बंद व्हायचा. तशा एका पुलाखाली तो पुढे बघूनच म्हणाला, "मी काय विसरून जाऊ म्हणजे चालेल?"

तिचं वल्हं पाण्यात चुकलं. होडी भलतीकडे वळली, आणि या वेळी तो दोष त्याचा नव्हता.

त्या संध्याकाळी मामींनी शेडमध्ये टॉवेलांच्या घड्या घालता घालता विषय काढला. डोळे मिटा म्हटलं की सगळे मिटतात, त्या म्हणाल्या, पण त्या नळवाल्याचा एक डोळा उघडाच असतो आणि तो नदीकडे नसतो. मग कुणाकडे असतो, असं तिने साळसूदपणे विचारलं, तर मामींनी नुसता एक टॉवेल तिच्या अंगावर फेकला.

मामा खांद्याला शेक घेत बसले होते. त्यांचा खांदा आता वरच्या पाण्यात साथ देईना. सराईतांची फेरी सांभाळायला त्यांना माणूस हवा होता आणि महिनाभर शोधून मनासारखा मिळत नव्हता. उद्या दुपारी एक जण येतोय, ते म्हणाले. बरा असेल तर त्यालाच ठेवून घेतो, आता खांदा ऐकत नाही.

उद्या दुपारच्याच गाडीने शिकाऊ निघणार होता. मामांना हवा होता तसा माणूस रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांसमोर गिरक्या घेत होता, आणि तो इथे राहायचा तर एकच वाट होती, पण त्या वाटेवर त्याने स्वतःच्या तोंडाने कुलूप घातलं होतं. तिने सांगावं, तर तो थापाड्या ठरणार आणि ते ठाऊक असून गप्प राहिलेली तीही. आणि न सांगावं, तर उद्यापासून दोघांच्या होडीत पुढची जागा दुसऱ्या कुणाची. तोंडाशी आलेलं वाक्य तिने दोनदा गिळलं. हे त्याने स्वतः सांगायला हवं, एवढंच तिला पक्कं कळत होतं.

सकाळी ऊन स्वच्छ होतं. तिने एकट्याची होडी पाण्यात सोडली.

"आज तुम्ही एकटे," ती म्हणाली.

"पण मला अजून…"

"मला माहीत आहे तुम्हाला काय येतं ते."

तो बघतच राहिला. आज पुढे-मागे नव्हतं. दोघं समोरासमोर उभी होती आणि लपायला जागा नव्हती. त्याने हळूच विचारलं, "कधीपासून?"

"वल्ह्याला चीर आहे का पाहिलंत, तेव्हापासून." तिचा आवाज तिला हवा तेवढा कडक निघेना. "समोरच्या पुलापर्यंत जाऊन या. वाकडं जा, नाहीतर सरळ जा. मामा धक्क्यावर बसलेत, त्यांना माणूस हवाय आणि दुपारी दुसरा येतोय. बाकी तुमचं तुम्ही ठरवा."

तो होडीत बसला. पहिले दोन हात सवयीने वाकडेच मारले. मग थांबला, वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि तसाच जरा वेळ बसून राहिला. ती श्वास धरून उभी होती. मामींनी इतकी वर्षं शिकवलेलं सगळं साफ विसरून. मग वल्हं पाण्यात गेलं. होडी नाकासमोर निघाली. पाण्यावर कसला शिडकावा नाही, आवाज नाही. पुलाच्या खांबाला जेमतेम हातभर अंतर ठेवून ती वळली आणि तशीच परत आली.

मामा स्टुलावरून उठून उभे राहिले होते. "बारके, चार सकाळींत हे शिकवलंस तू?"

"मी काहीच शिकवलं नाही, मामा."

तो धक्क्यावर चढला, भिजल्या पावलांनी मामांसमोर आला आणि सगळं सांगितलं. गावाजवळच्या तलावावर तो वर्षानुवर्षं मुलांना होडी शिकवायचा. मग तलावात होड्यांना बंदी आली आणि तो नळ विकायला बसला. दोन वर्षांत वल्ह्याला हात लावला नव्हता. "पहिल्या दिवशी तुमच्याच रांगेत होतो. तेवढ्यात या वळल्या… आणि हात वर गेला. खोटं बोललो. चूक झाली."

मामांचा चेहरा उतरला. एवढा चांगला हात डोळ्यांनी बघितल्याचंच त्यांना जास्त वाईट वाटत असावं. "हात सोन्यासारखा आहे तुमचा," ते म्हणाले, "पण पाण्यावर खोटं बोलणारा माणूस मी ठेवत नाही. सगळ्यांना सारखा नियम."

त्याने मान डोलावली आणि लाइफ जॅकेटची बकलं सोडायला लागला. वाद घातला नाही, गयावया केली नाही. तेच तिला बघवेना.

"मग मलाही काढा," ती म्हणाली.

धक्क्यावर मामींचा वर्ग चालू होता. डोळे मिटून बसलेले सगळे प्रवासी एका दमात डोळे उघडून वळले.

"मला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं, मामा. आणि मी बोलले नाही. मुद्दाम त्याला माझ्या होडीत घेतलं, रोज घेतलं." आता सुरू केलंच होतं. "कारण तो माझ्या होडीत असला की मला बरं वाटतं. आज जाणार म्हणून रात्रभर झोप नाही. झालं. आता काढा आम्हाला दोघांना."

शिकाऊच्या हातातलं बकल तसंच राहिलं. त्याचे कान सगळं सांगत होते.

मामींनी वर्गाला हाताने थांबा अशी खूण केली. "अहो," त्या मामांना म्हणाल्या, "लग्नाआधी मला पोहता येतं म्हणून कोण सांगत होतं?"

"तो विषय इथे कुठे आला?"

"याच धक्क्यावरून उडी मारलीत. आणि बाहेर कुणी काढलं?"

एक प्रवासी खुदकन हसला आणि मग कुणालाच आवरेना. मामींचा आवाज मात्र मऊ झाला. त्या आधीच्या गाइडने न केलेलं काम केलं म्हणून सांगितलं, त्यात माणसं बुडली असती, त्या म्हणाल्या. या बिचाऱ्याने येत असलेलं येत नाही म्हणून सांगितलं आणि आपणहून कबूलही केलं. त्याला तुम्ही एकाच तागडीत तोलणार असाल तर मग आपल्या लग्नाचाही फेरविचार करावा लागेल.

मामांनी खांदा चोळला. नदीकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, मग त्या सोन्यासारख्या हाताकडे.

"दुपारी येणाऱ्याला काय सांगायचं ते मी बघतो," ते म्हणाले. आणि त्याच्याकडे वळून, पहिल्यांदाच एकेरीवर येत, "तू आधी ती दोघांची होडी धुऊन काढ. चार दिवस उगाच अडवून ठेवलीस. आणि कामाच्या वेळेत तू वरच्या पाण्यात, ही खालच्या. एका होडीत दिसलात तर याद राखा."

त्याने दुपारची गाडी सोडली आणि वहिनीला फोन केला. ती म्हणे इतकी ओरडली की फोन कानापासून लांब धरावा लागला. आणि ते ओरडणं रागाचं नव्हतं.

संध्याकाळी शेड बंद झाली. धुऊन लखलखीत केलेली दोघांची होडी त्यांनी पाण्यात सोडली. या वेळी ती पुढे बसली आणि तो मागे. तिला दिसत होती फक्त नदी, सोनेरी आणि रुंद. आपले कानही आता तापले असतील, आणि ते त्याला दिसत असतील, हे तिला कळत होतं. दिसू देत.

"मी विसरणार होतो काहीतरी," मागून आवाज आला. "म्हणजे परत येता येईल म्हणून. टोपी नाही माझ्याकडे. पण विसरायच्या आधीच राहिलो… आता तूच सांग, किती दिवस राहू?"

"नदी आटेपर्यंत," ती म्हणाली.

तो हसला आणि वल्हं पाण्यात घातलं. होडी पहिल्यांदाच त्या दोघांना घेऊन सरळ निघाली, पुलाच्या मधल्या कमानीकडे, सुतासारखी. पूल भराभर जवळ यायला लागला.

"अरे," ती मागे न बघताच म्हणाली, "जरा वाकडी घे ना."