ओ-लहर

गांधील ‘जनार्दन’ असं म्हणाली आणि पुढच्याच क्षणी डॉ. जनार्दन फडतरे टेबलावर कोसळले. कानामागच्या भोकातून रक्ताची चिळकांडी उडाली. गांधील म्हणजे नखाएवढी, पंखांची यंत्रसुई. जखमेतून बाहेर येऊन ती पुन्हा छताशी घोंघावू लागली.

“विश्वजित, तू माणूस मारलास,” डॉ. अनुराधा शेळके म्हणाली. भूमिगत प्रयोगशाळेचं दार विश्वजितने, तिच्या नवऱ्याने, आधीच बंद केलं होतं.

“तो गांधिलीचे आराखडे जाळायला निघाला होता. आणि तूही त्याच्याच बाजूची.”

“ओ-लहर हा माझा शोध आहे. बेशुद्ध पडलेल्यांना शुद्धीवर आणायला केला होता.”

“म्हणून तर उपयोगाचा आहे. आपलं नाव ऐकलं की तोंडाआधी मेंदू ओ देतो, अगदी झोपेतसुद्धा. चेहरा बदलता येतो, बोटांचे ठसे बदलता येतात, पण ही ओ-लहर कुणाच्या बापाला दाबता येत नाही. गांधील नाव पुकारते आणि ज्या मेंदूतून ओ येईल त्यात घुसते.” त्याने ध्वनिक्षेपक तोंडाशी नेला. “अनुराधा.”

“अनुराधा,” गांधील म्हणाली. तिच्या डोक्याभोवती एक घिरटी घालून ती परत वर गेली.

विश्वजित बघतच राहिला. “पंधरा वर्षं ओ देतेस तू या नावाला.”

“तोंडाने,” ती म्हणाली.

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने त्याने हे नाव लिहिलं, तेव्हा तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. द्वारका हे तिचं माहेरचं नाव त्याला गावंढळ वाटायचं. चारचौघांत शोभा नको म्हणून ती गप्प बसली, पण तो राग काही गेला नाही. आज त्या रागानेच तिला वाचवलं होतं.

विश्वजितच्या ध्यानात आलं. “द्वा—” एवढंच त्याच्या तोंडून निघालं. तिने लोखंडी स्टूल उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. दोन दात फरशीवर पडले, ध्वनिक्षेपक तिच्या हातात आला.

“विश्वजित,” ती ओरडली. गांधिलीने नाव पुकारलं, पण ती जागची हलली नाही.

तो रक्त थुंकून हसला. “ते नाव मी कॉलेजात घेतलं, मेंदूने अजून घेतलेलं नाही. जुनं माझ्या आईबरोबर गेलं.” मग त्याने तिला खाली पाडलं आणि दोन्ही हातांनी तिचा गळा आवळला.

त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. उजव्या नाकपुडीवर एक खळगा होता. कांजिण्यांचा व्रण म्हणून तो सांगायचा. इतक्या जवळून तिला कळलं, नाक टोचलेलं होतं. घरात मुलं जगत नसली की पुढच्या मुलाचं नाक टोचतात आणि मृत्यूने त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये म्हणून त्याला हलकंसलकं नाव ठेवतात. तिच्या माहेरीही हीच रीत होती.

“धोंडू,” ती कशीबशी म्हणाली. गांधिलीने पुकारलं. काही नाही.

“दगडू.”

पुन्हा काही नाही. पण विश्वजितच्या डोळ्यांत भीती उतरली आणि त्याने पकड आणखी घट्ट केली. तिच्या गळ्यात काहीतरी मोडल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे अंधारी आली. आणखी एकाच नावापुरता श्वास उरला होता.

“केरबा.”

“केरबा,” गांधिलीने हाक मारली.

त्याचे हात सैल पडले. आईने आतून बोलावल्यासारखी त्याची मान वळली आणि फुटक्या ओठांनी तो म्हणाला, “ओ.”