आजोबांची जीभ आणि साबणाचा मनोरा

ते साल होतं एकोणीसशे चौसष्ट. मोठ्या सुट्टीचा तिसरा आठवडा चालू होता आणि साबणाच्या कारखान्याच्या माडीवर लपंडाव अगदी रंगात आला होता.

"नव्याण्णव, शंभर! आलो रे आलो!" गोटी ओरडला.

पेन्सिलला लपायला जागाच सापडेना. तिला पेन्सिल म्हणायचे, कारण बारा वर्षांची ती पोर होतीच तशी, लांब आणि किडकिडीत. गोटी तिचा धाकटा भाऊ. पोत्यांमागे दडून बसलेला चष्मेवाला मामेभाऊ म्हणजे प्रोफेसर. तो लपतानासुद्धा वहीत काहीतरी लिहीत असे!

समोर साबणाच्या वड्यांचे मनोरे उभे होते. गोल, आतून पोकळ, वाऱ्यासाठी फटी ठेवून रचलेले. खालच्या मोठ्या कढईत आजोबा ऑलिव्हच्या तेलाचा साबण शिजवत. तो जमिनीवर ओतायचा, कापायचा आणि इथे दहा महिने सुकवायचा. हिरवीगार वडी हळूहळू बाहेरून मधासारखी पिवळी होई, आत मात्र हिरवीच राही. आजोबा चाळीस वर्षं हेच काम करत होते. मनोऱ्यांना हात लावायची सक्त मनाई होती.

पण टोकाच्या जुन्या मनोऱ्याच्या वरच्या ओळी इस्पितळाच्या पेट्यांत गेल्या होत्या. तो आता जेमतेम पेन्सिलच्या हनुवटीपर्यंत येत होता. ती स्टुलावर चढली, मनातल्या मनात आजोबांची माफी मागितली आणि अलगद आत उतरली.

आत गारवा होता. फटींतून उजेडाच्या रेघा येत होत्या. पेन्सिलने डोळे चोळले. हे काय? बाहेरून मनोरा पिवळाधमक आणि आतून चक्क हिरवा! तिने अंगठा दाबला. वडीवर खळगा पडला. दहा महिन्यांची वडी कशी टणक असायला हवी!

मग आजोबा साबण पारखताना करत, तसंच तिने केलं. वडीला जिभेचं टोक लावलं.

"आई गं!" जीभ चरचरली. साबणात घातलेला जळजळीत खार शिल्लक असला की अशी चरचरते. मुरलेल्या साबणाची जिभेला नुसती साबणासारखी चव लागते.

"सापडली! मनोरा बोलला!" गोटी नाचायला लागला.

तेवढ्यात खालून चढा आवाज आला. तिघंही जिन्यात येऊन बसली.

इस्पितळातल्या मोठ्या नर्सबाई कारखान्याच्या मालकीणबाईंसमोर उभ्या होत्या. हातात रुमालात बांधलेले साबणाचे वापरलेले तुकडे.

"इतकी वर्षं आमची तान्ही बाळं याच साबणाने न्हायली, कधी तक्रार नाही. आणि आता? तीन बाळांच्या पाठी लाल झाल्या! धुणाऱ्या बायांचे हात भगभगतायत!"

आजोबांनी एक तुकडा जिभेला लावला. त्यांचा चेहरा उतरला. मग ते धापा टाकत माडीवर गेले, टोकाच्या त्याच मनोऱ्याची बाहेरची एक वडी घेऊन आले आणि तीही चाखली.

"ही तर नीट आहे," ते पुटपुटले. "एकाच मनोऱ्यातली... ही नीट, ती चरचरते. मला काही कळेनासं झालंय, बाई."

"वय झालं हो त्यांचं," बाजूला उभा असलेला कारखान्याचा मुकादम भांगावरून हात फिरवत म्हणाला. केसांचा त्याला भारी अभिमान. "जीभ दगा देते म्हातारपणी. असं पुष्कळदा ऐकलंय मी."

मालकीणबाईंनी तुकडे पुन्हा रुमालात बांधले. "शनिवारी नर्सबाई पुन्हा येतील," त्या शेवटी म्हणाल्या. "तोवर उलगडा झाला नाही तर इस्पितळ आपला साबण बंद करेल. आणि मला दुसरा माणूस बघावा लागेल, उस्ताद."

आजोबा कढईकडे वळले.

माडीवर तिघांची सभा भरली.

"मुद्दा एक," प्रोफेसरने वही उघडली. "मनोरा बाहेरून पिवळा, आतून हिरवा. कारण ऊन बाहेरूनच लागतं."

"मग बाकीचे मनोरे आतून हिरवे का नाहीत?" गोटीने फटीतून डोकावत विचारलं.

प्रोफेसरने मुद्दा खोडला. "मुद्दा दोन. नर्सबाईंचे तुकडे हिरवे होते, म्हणजे कच्चे."

"वेड्या, वापरून वरचा पिवळा थर गेला की जुनी वडीही हिरवीच दिसते!" पेन्सिल म्हणाली.

तोही मुद्दा खोडला. पेन्सिलला वेगळीच भीती वाटत होती. मनोऱ्यातल्या वडीने तिची जीभ चरचरली होती खरी, पण आजोबांची जीभ बिघडली असेल आणि तिची त्यांच्यावरच गेली असेल तर? तिने बाहेरची वडी चाखली. काही नाही. आतली चाखली. चर्र! पुन्हा बाहेरची. आता सगळ्याच चरचरायला लागल्या!

"बस कर गं, तोंडातून फेस येईल," गोटी म्हणाला.

संध्याकाळी घरी टेबलाचा खण अडकला. आजोबांनी सवयीने खिशातला साबणाचा तुकडा काढून कडेला घासला. खण सुर्रकन सरकला. आजी असती तर म्हणाली असती, याच वडीने केस धुवा, लोकर धुवा, उरलेली कपड्यांच्या पेटीत ठेवा! आज आजोबा हसलेसुद्धा नाहीत. जेवताना पहिला घास घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "पेन्सिल, मीठ बरोबर आहे ना गं?"

आजोबांनी असं कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुकादम बाजारात जाताच ती पुन्हा मनोऱ्यात उतरली. या खेपेला तिने प्रत्येक फट निरखली. इतर मनोरे एकेरी होते. याला मात्र दोन पदर! बाहेर जुन्या वड्या, आत नव्या. आणि सहाव्या ओळीखाली काहीतरी लाल अडकलं होतं.

"कंगवा!" ती किंचाळली. "दोन दात तुटलेला!"

"मुकादमकाकांचा!" गोटी म्हणाला. "आपण आलो त्या दिवशी मला म्हणाले, हात लावू नकोस, कालच घेतलाय!"

प्रोफेसरने चष्मा सावरला. "मनोरा रचला गेल्या वर्षी. कंगवा तीन आठवड्यांपूर्वीचा. मग तो सहा ओळींखाली शिरला कसा?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गोंधळाचं धुकं पहिल्यांदाच जरा विरळ झालं.

"काढू नकोस!" प्रोफेसर ओरडला. "तिथेच राहू दे. शनिवारपर्यंत!"

शनिवारी नर्सबाई आल्या. मालकीणबाई, आजोबा, मुकादम, गोटी आणि प्रोफेसर, सगळे त्यांच्याबरोबर माडीवर आले.

"हा मनोरा रचल्यापासून कुणी हलवला होता?" मालकीणबाईंनी विचारलं.

"छे! बोटसुद्धा लावलं नाही," मुकादम म्हणाला. "वरून काढल्या तेवढ्याच वड्या."

"मुकादमकाका," गोटी भोळा चेहरा करून म्हणाला, "तुमचा तो लाल कंगवा कुठाय हो? माझे केस बघा कसे झालेत!"

"अरे, हरवला ना! आठवडासुद्धा वापरला नव्हता. कुठे पडला देव जाणे."

"देवाला नाही, मला माहीत आहे!" मनोऱ्यातून आवाज आला.

नर्सबाई दचकून मागे सरकल्या. मनोऱ्यावर आधी दोन वेण्या दिसल्या, मग पेन्सिलचं तोंड.

"आजोबा, रागवा मला, पण आधी सहावी ओळ बघा!"

आजोबांनी ओळी उतरवल्या. आतल्या हिरव्या वड्या उजेडात आल्या आणि त्यांच्याखाली लाल कंगवा! मुकादमचा हात डोक्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

"दुपारी जरा टेकलो होतो," तो शेवटी म्हणाला. "झोप लागली. पाठ रेलली आणि मनोरा धाडकन खाली! निम्म्या वड्या फुटल्या. घाबरलो. जमिनीवरच्या नव्या मालातल्या घेऊन आत लावल्या. इस्पितळाच्या पेट्याही मीच भरल्या. कोणाला अपाय होईल असं खरंच वाटलं नव्हतं."

"आणि माझी जीभ?" आजोबा एवढंच म्हणाले.

मालकीणबाई पुढे आल्या. "उस्ताद, मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता. चुकले." नर्सबाईंनी पेन्सिलचे खांदे धरले. "पोरी, आमच्या बाळांवर उपकार केलेस!"

आजोबांनी नातीचा कान पकडला. "मनोऱ्यात उतरलीस?" आणि मग तो सोडून तिला जवळ घेतलं.

बाळांच्या पाठी आठवड्याभरात बऱ्या झाल्या. मुकादमला काढलं नाही, पण फुटलेल्या वड्या वितळवून पुन्हा साबण करायचं काम वर्षभर त्याच्याकडे आलं. पुढे तो चांगला कारागीर झाला. शेवटी डोक्यावर एकही केस उरला नाही, तेव्हा कंगवा त्याने स्वतःच गोटीला देऊन टाकला. गोटी जहाजावर गेला आणि प्रत्येक पत्रात साबण मागवत राहिला. प्रोफेसर खरोखरच प्रोफेसर झाला, आणि अजूनही मुद्दे खोडतो. मालकीणबाईंनंतर कारखाना पेन्सिलने चालवला. तिचे केस आता पांढरे झाले आहेत, आणि ती ते त्याच साबणाने धुते.

आजोबा आणखी अकरा वर्षं साबण चाखत होते. कंगवा सापडला त्या शनिवारी रात्री जेवताना त्यांनी पहिला घास घेतला, क्षणभर थांबले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मीठ कमी आहे!"

आणि खरंच कमी होतं.