दोन पानांचं घर

केळीची दोन पानं, पाणी शिंपडलेली.

गणितात चौतीस गुण.

चौकटीवर माझ्या हातचा खडूचा आकडा: ४१.

झोपाळा, हलता.

आता नीट सांगतो. मी गुरुराज, शाळामास्तर. १९६१च्या फेब्रुवारीत तंजावरच्या मेलवीथीची जनगणना माझ्याकडे आली, आणि मी हरखून गेलो. अख्खी गल्ली माझ्या अक्षरात उतरणार होती!

एक्केचाळीस नंबरच्या सीतारामरावांनी घरात दोनच माणसं सांगितली, ते आणि पत्नी कामाक्षी. झोपाळ्यावर पंधराएक वर्षांची मुलगी बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं तसे ते हसले. सहामाहीत ती गणितात नापास झाली, तेव्हापासून घरात कुणी तिला हाक मारत नाही, तिचं पान मांडत नाही, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"शिस्त, सार. पास झाली की असेल."

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून त्या गल्लीतल्या बायका नुसतं बोट दाखवत. मी मुलीचं नाव विचारलं तर कामाक्षीअम्मांनी बोटही उचललं नाही.

मी निघालो. मुलगी मागोमाग दारात आली. डोळे लखलखत होते.

"लिहा ना सार. कनकलता. कागद दिल्लीला जातो ना? मग अप्पा काय करतील?"

कुटुंबप्रमुख सांगेल तेच लिहायचं, असं मी धरून चाललो होतो. एक मार्चला फेरतपासणीला येईन, तेव्हा लिहीन, म्हणालो. तिने आनंदाने उडीच मारली, थेट दारातल्या रांगोळीवर, ताज्या कोलमवर.

पिठाची एक रेघ विस्कटली नाही.

शेजारच्या चंद्रमतींना मी तिच्याबद्दल विचारलं. त्या रोज त्या घरी जात. "कुठली मुलगी?" म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात ती भर उन्हात रस्त्यामधून धावत आली, हात हलवत, हसत. "एक तारखेला, सार!" समोरच्या सायकलवाल्याने घंटा वाजवली नाही. वळलाही नाही.

एक मार्च. मी जवळजवळ पळतच गेलो.

झोपाळा हलत होता. रिकामा.

"आलात," कानाशी आवाज. धाप लागलेला.

मी लिहिलं. कनकलता. मुलगी. वय पंधरा.

सीतारामरावांनी कागद उचलला.

"ही ओळ कोरी का ठेवलीत, सार?"

शाई अजून ओली होती.

त्या संध्याकाळी मी कचेरीत जुनी वही उघडली. १९५१च्या गणनेत त्या घरात सात माणसं होती: नवरा, बायको आणि पाच मुलं.